पणजोबा, मुक्काम पोस्ट रामकुंड

नाशिकला रामकुंडावर परगावच्या माणसाला आधी नाव विचारत नाहीत, गाव विचारतात. "आपण कुठले?" पाहुणा सवयीने "कोथरूड" म्हणतो. विचारणारा समजूतदारपणे मान हलवतो. "ते राहण्याचं झालं. मूळ गाव?" इथे पाहुणा बायकोकडे बघतो, बायको सासूबाईंकडे बघते आणि सासूबाई "आमच्यात कुणी तिकडे गेलंच नाही हो कधी" म्हणून हात झटकतात. बरीच ओढाताण झाल्यावर "निफाडच्या पुढे कुठंतरी" एवढी माहिती हाती लागते. आश्चर्य म्हणजे तेवढ्यावर काम भागते. आडनाव आणि निफाड ही दोन टोके मिळाली की विचारणारा हाताने दिशा दाखवतो: तुमचे उपाध्ये अमुक अमुक, पलीकडच्या गल्लीत विचारा. ज्या माणसाला स्वतःचे गाव सांगता येत नाही, त्याचे पणजोबा कुठल्या घरातल्या कुठल्या वहीत सापडतील, हे एका अनोळखी गृहस्थाला ठाऊक असते. आणि हे सगळे गाडीला पार्किंग मिळायच्या आत.

पुढची परीक्षा संकल्पाच्या वेळी होते. श्राद्धात बाप, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांचा नावानिशी उच्चार करावा लागतो, शिवाय आईकडचेही तिघे असतात. बापाचे नाव येते, कारण ते आधार कार्डावर छापलेले असते. आजोबांचे येते, कारण ते बापाच्या नावापुढे असते. "पणजोबा?" म्हटल्यावर मात्र मोठमोठ्या कंपन्यांचे उपाध्यक्ष नदीकडे बघू लागतात. मग ओल्या धोतरानिशी फोनाफोनी सुरू होते. माहिती हमखास ज्या चुलत्याला असते, त्याच्याशी नेमका बांधावरून अबोला असतो. गोत्राची पंचाईत त्या मानाने सोपी. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप सांगावे, अशी सोय शास्त्राने करून ठेवली आहे. विसराळू माणसांच्या भरवशावर काश्यपऋषींचा गोतावळा गेली कित्येक शतके वाढतच आहे.

अशा वेळी उपाध्ये आत जातात आणि तांबड्या कापडाचे बासन घेऊन बाहेर येतात. गाठ सुटते, लांबट वह्या निघतात, आणि आडनाव, गाव, घराणे या क्रमाने पाने उलटली जातात. कोण आले होते, कोणासाठी आले होते, बरोबर कोण होते, भाऊ किती, मुलगे कोण, कुठल्या शकात कुठली तिथी होती आणि खाली सही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे अशा नोंदी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांना 'लेख' म्हणतात. आपल्या पूर्वजांचा लेख बघताना माणसे खरोखर हेलावतात. मग हळूहळू सावध होतात. कारण वही फार बोलते. आजोबा एकटे आले नव्हते, त्यांच्यासोबत जी 'भार्या' आली होती तिचे नाव आजीचे नाही. म्हणजे आजीच्या आधी कोणी होती, आणि ही गोष्ट घरात पन्नास वर्षे कोणी काढली नव्हती. "आम्ही मूळचे सरदार" असे सांगणाऱ्या घराण्याची नोंद 'व्यवसाय शेती' अशी निघते. पणजोबा निरक्षर होते ही घरातली ठाम समजूत, तर त्यांची सही पणतवाच्या सहीपेक्षा वळणदार. पणतवाची सही बँकेनेसुद्धा दोनदा परत पाठवलेली असते.

आता या वह्या इतक्या निगुतीने का ठेवल्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. संस्कृती, परंपरा, पूर्वजांविषयीचा आदर, असे गोड उत्तर आधीच तयार असते. खरे उत्तर थोडे रोकडे आहे. जिथे कोणाचे काहीतरी येणे असते, तिथेच वंशावळ नीट राहते. यजमान ही उपाध्यांची वृत्ती होती, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क. उपाध्यांच्या घरी वाटण्या झाल्या की भांड्यांबरोबर यजमानांच्याही होत: अमुक गावे थोरल्याकडे, तमुक आडनावे धाकट्याकडे. आणि तुमचे यजमान ते आमचेच, असे तंटेही होत. वंशपरंपरागत वृत्ती ही हिंदू कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेत मोडते, असे मुंबई हायकोर्टाने एकोणिसाव्या शतकातच मान्य केले होते. त्यामुळे न्यू जर्सीत राहणारा, आठवड्याला दोन विमाने बदलणारा इंजिनिअर गोदाकाठी कोणाची तरी स्थावर मालमत्ता असू शकतो. त्याला ते कळवलेले नसते, एवढेच.

साहेबाच्या देशातही प्रकार वेगळा नाही. तिकडे हल्ली निवृत्त झालेला माणूस बागकाम तरी करतो नाहीतर पूर्वज तरी शोधतो. हे शोधकाम ज्या पायावर उभे आहे तो पाया आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने घातला. १५३८ मध्ये त्याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद वहीत ठेवावी. लोकांनी लगेच ओळखले की हा नव्या कराचा डाव आहे. डेव्हन-कॉर्नवॉलकडे तशी कुजबुज जोरात सुरू झाली. सरकार आपले नाव लिहून घेते म्हणजे आपल्याबद्दल प्रेम दाटून आलेले नसते, हे कळायला गावकऱ्याला सोळाव्या शतकातही शाळेत जावे लागले नाही. तो कर तेव्हा काही आला नाही, वह्या मात्र राहिल्या. आज त्यांच्याच जोरावर नॉरफोकच्या एखाद्या खेड्यातला माणूस आपला पूर्वज १६०० साली कोणत्या रविवारी पाण्याने भिजला हे सांगू शकतो.

पण त्यापुढे काय सांगणार? १८४१ च्या तिकडच्या जनगणनेत खेड्यातल्या माणसांच्या नावापुढे पानोपान एकच व्यवसाय आढळतो: 'अ‍ॅग लॅब'. शेतमजूर हे पूर्ण लिहायला गणनेच्या कारकुनांना वेळ नव्हता. राजघराण्याचा धागा शोधायला निघालेला माणूस पहिल्या पिढीत अ‍ॅग लॅबला भेटतो, दुसऱ्या पिढीत अ‍ॅग लॅबला भेटतो, तिसऱ्या पिढीत मुलगा गाडीवान झालेला बघून त्याला केवढा आनंद होतो! त्याच जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वये खालच्या पाचाच्या पाढ्यात बसवायची, असा नियम होता. चौतीस वर्षांचा माणूस तिशीचा झाला आणि एकोणसाठीची बाई पंचावन्नची. बायकांनी तक्रार केल्याची नोंद नाही.

यावर महाराष्ट्राने हसू नये. इथे एका मोठ्या पिढीचा जन्म १ जूनला झालेला आहे. गुरुजींपुढे पोर उभे केले, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का पाहिले, आणि शाळा ज्या महिन्यात सुरू होते त्याची पहिली तारीख जन्मतारीख म्हणून टाकली. १ जूनला फेसबुक उघडले की अर्ध्या तालुक्याचे वाढदिवस दिसतात. भविष्यातला संशोधक बहुधा असा निष्कर्ष काढेल की मराठी माणसांवर भाद्रपदात कसलासा प्रभाव पडत असावा.

नावांचा घोळ याहून वरचढ. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत प्रेमळ आहे, पण वंशावळ लिहिणाऱ्याच्या जिवावर उठणारी आहे. गोपाळ रामचंद्र, त्याचा रामचंद्र गोपाळ, त्याचा पुन्हा गोपाळ रामचंद्र. शंभर वर्षांत घरात दोनच नावे, आणि कोणी कर्ज काढले, कोणी फेडले याचा पत्ता नाही. मोठ्या घरांतही तेच. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव आणि त्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव. साताऱ्या-कोल्हापूरच्या इतिहासात तर पहिल्या शिवछत्रपतींचे भाऊ संभाजी, पुत्र संभाजी आणि नातूही संभाजी, शिवाय शिवाजी नावाचे दोन नातू, त्यांतले एक शाहू म्हणून ओळखले गेले. शालेय परीक्षेत मुले गोंधळतात याचा दोष मुलांचा नाही.

त्यातून लेख मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, हात उचलायला नको म्हणून अक्षरे एकमेकांत गुंतलेली, आणि लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याची दया येण्याचे कारण नव्हते. तारीख लागली तरी सुटका नाही. शक असेल तर ७८ मिळवा. ऐतिहासिक कागदात 'इहिदे सबैन अलफ' असे काही दिसले तर तो मंत्र नव्हे, सुहूर सन १०७१ आहे. त्यात सहाशेच्या आसपास मिळवले की १६७०-७१ येते. इंग्रजांनी सुद्धा १७५२ पर्यंत वर्षारंभ २५ मार्चला ठेवला होता. म्हणजे तिकडे १७०० चा डिसेंबर आधी आणि १७०० चा फेब्रुवारी नंतर. एखादे मूल आईबापांच्या लग्नाच्या आधी जन्मल्याचे दिसले की इंग्रज वंशसंशोधक प्रथम कॅलेंडरला दोष देतो. बहुतेक वेळा कॅलेंडरचा दोष नसतो.

जिल्ह्यांचेही तसेच. वहीत 'जिल्हा खानदेश' असतो. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम झाले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. घराणे एकाच वाड्यात, एकाच चिंचेखाली बसून चार जिल्हे फिरून आले.

गोदाकाठ सोडून काही ठिकाणी हे काम फिरत्या लोकांकडे होते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकात हेळवी सुगीनंतर दारात येत, घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे म्हणून दाखवत आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जात. गेल्या फेरीनंतर जन्मलेल्यांची नावे त्यात घालून घेत. ज्याने धान्य आखडते घेतले त्याच्या वंशावळीत काही फरक पडत असे की काय, ते हेळव्यालाच ठाऊक.

आणि ज्याला ना उपाध्याची गरज ना हेळव्याची, त्याला भाऊबंद आहेतच. मराठी माणूस पणजोबांचे श्राद्ध विसरेल, पण पणजोबांचा सर्व्हे नंबर विसरणार नाही. सातबारा, फेरफार, सहा-क ची वारस नोंद, या कागदांत घराण्याचा जेवढा इतिहास आहे तेवढा कोणत्याही कुलवृत्तांतात नाही. कुलवृत्तांतात सगळे पूर्वज धर्मपरायण असतात. फेरफारात ते एकमेकांविरुद्ध हरकत घेतात. कोर्टात दाखल झालेली वंशावळ तर पाहावी अशी असते. निपुत्रिक मेलेल्या चुलत-चुलत आजोबांपर्यंत एकाचेही नाव सुटलेले नसते, कारण त्यांच्या वाट्याला दीड एकर होते.

सरकारनेही या छंदाला हातभार लावला आहे. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. त्यासाठी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ काढावी लागते. भटक्याने आपण साठ वर्षांपूर्वी कुठे स्थिर होतो याचा कागद आणावा, या कल्पनेत जो विनोद आहे तो कोणा विनोदी लेखकाला सुचला नसता. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा कोतवाल बुके आणि गाव नमुना चौदा अंधाऱ्या खोल्यांतून उजेडात आली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्या लिपीचा वर्ग घ्यायचा तर पुढच्या बाकावरही कोणी बसत नसे, तिचे जाणकार तहसील कचेरीत खुर्ची मिळवून बसले. कोणाचे तरी काहीतरी येणे निघाले होते.

राजाचा वंशज निघण्याची हौस मात्र दोन्हीकडे सारखीच. ब्रिटनमध्ये २००४ पासून बीबीसीवर नामवंतांचे पूर्वज शोधून देणारी मालिका चालते. २०१६ मध्ये तीत डॅनी डायर नावाचा नट आला. हा तेव्हा एका मालिकेत पबमालकाची भूमिका करणारा, लंडनच्या पूर्व भागातल्या कष्टकरी वस्तीतला. तो थेट तिसऱ्या एडवर्ड राजाचा वंशज निघाला आणि देशभर हसू आणि हर्ष एकदम झाला. गणिताने पाहिले तर यात नवल थोडे. दोन आईबाप, चार आजीआजोबा, असे दुप्पट करत दहा पिढ्या मागे गेले की १,०२४ पूर्वज होतात आणि वीस पिढ्यांत १०,४८,५७६. तीस पिढ्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळापर्यंत गेले तर आकडा १०७ कोटींच्या वर जातो. त्या वेळी साऱ्या पृथ्वीची लोकसंख्या पन्नास कोटीही नव्हती. याचा अर्थ तीच तीच माणसे झाडावर अनेक फांद्यांना लटकलेली असतात. मामाच्या मुलीशी लग्न करून महाराष्ट्राने या बाबतीत फांद्यांची बरीच बचत केली आहे. तेव्हा त्या कोटींमध्ये एखादा यादव राजा असेल, हे मान्य. त्याच हिशेबाने त्याचा घोडेस्वारही असेल, घोड्याला खरारा करणाराही असेल, आणि देवगिरीच्या कोठारातून धान्य पळवल्याबद्दल फटके खाल्लेलाही असेल. त्या शेवटच्या गृहस्थाच्या नावाने स्नेहसंमेलन भरल्याचे मात्र ऐकिवात नाही.

ज्यांच्याकडून कोणाला काही येणे नव्हते, त्यांचे काय झाले, हे पाहायला नाशिकमध्येच शरणपूरला जावे लागते. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने ही ख्रिस्ती वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले इंग्रज आरमाराने आणून मिशनच्या हवाली केली आणि त्यांतली बरीच इथे शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. वेनराइट हे गाडे बनवणाऱ्या सुतारांचे अस्सल गावरान इंग्रजी आडनाव, पण हा मुलगा पूर्व आफ्रिकेतल्या याओ लोकांमधला. पुढे तो डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या ताफ्यात गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा झाडावर नाव आणि तारीख त्यानेच कोरली, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. एखादा हौशी इंग्रज आपल्या वेनराइट घराण्याचा माग काढत निघाला, तर पॅरिशच्या वह्या ओलांडून तो नाशिकला येऊन थडकायचा, आणि इथे त्याला कळायचे की या वेनराइटचा बाप कोण, गाव कोणते, हे एकाही वहीत नाही. इथे हसू थांबते. रामकुंड इथून फार लांब नाही, आणि तिथे कोणाच्या तरी सहाव्या पिढीतल्या मेव्हण्याचे नाव सापडते.

वंशावळ जपण्यामागचा लोभ नाण्याचाच असतो असेही नाही. अमेरिकेत यूटा राज्यात मॉर्मन पंथाचे लोक मेलेल्या पूर्वजांना मागाहून बाप्तिस्मा देतात. त्यासाठी पूर्वजांची नावे हवीत म्हणून १८९४ मध्ये त्यांनी वंशावळीची संस्था काढली, जगभरच्या नोंदींचे चित्रण केले आणि सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात तिजोऱ्या खोदून लाखो मायक्रोफिल्म त्यांत ठेवल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तिथल्या उपाध्यांच्या, वह्यांचेही त्यांनी चित्रण केले. बाप्तिस्मा आपल्याच पूर्वजांना द्यावा असा त्यांचा नियम आहे, बाकीची नावे नुसती जपून ठेवायची. तरी सात पिढ्यांपूर्वी हरिद्वारला अस्थी घेऊन गेलेल्या पंजाबी शेतकऱ्याचे नाव अणुबाँबलाही दाद न देणाऱ्या खडकात बसले आहे, हे त्या शेतकऱ्याला सांगितले असते तर त्याने प्रथम विचारले असते, भाडे किती?

उपाध्यांच्या नव्या पिढीनेही आता संगणक आणला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आडनाव आणि गाव पाठवले की पानाचा फोटो येतो. पण यजमानाला तो पुरत नाही. त्याला बासन सुटताना पाहायचे असते, त्या वासासाठी तो कोथरूडहून आलेला असतो.

या सगळ्यात बायका कुठे आहेत? लेखात 'सौभाग्यवती' म्हणून आहेत, आणि पुष्कळदा तेवढ्याच आहेत. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले की माहेरची यमुना त्या क्षणी दप्तरातून गायब होते आणि सासरची रमाबाई जन्मतःच सोळा वर्षांची उगवते. तिचा माग तिच्या माहेरच्या उपाध्यांच्या वहीत काढावा, तर तिथे मुलींची नावे लिहायची आठवण क्वचितच कोणाला होत असे. इंग्लंडने या बाबतीत १८३७ पासून जन्माच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव लिहायला सुरुवात केली. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, आधी मुलाचे, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव अशी रीत सरकारने लावली.

त्यामुळे आता रामकुंडावर नवा पेच येणार आहे. तान्ह्याला कडेवर घेऊन आलेली सून लेख लिहायला पेन मागते, बाळाचे नाव लिहिते, पुढे स्वतःचे लिहिते, तेही माहेरचे, कारण तिने ते बदललेलेच नसते. मग नवऱ्याचे, मग आडनाव, तेही जोड. ओळ समासापर्यंत जाते, समास ओलांडते, आणि शेजारच्या घराण्याच्या १९५२ सालच्या नोंदीत घुसते. उपाध्ये क्षणभर बघत राहतात. "राहू द्या, मी आत ठिगळ लावतो," ते म्हणतात, आणि सुनेला विचारतात, "तुमच्या माहेरचं मूळ गाव कुठलं? येवला? मग ती वही आमच्या चुलत्यांकडे. त्यांना सांगावं लागेल."

चुलत्यांशी त्यांचा बोलायचा व्यवहार नाही. वाटणीत येवला कोणाकडे जायला हवे होते, यावरून.